शांत बसल्याची चांदणी

वर्गात सगळे तिला 'तुफान' म्हणायचे. ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला, पण ही कशाला बधतेय. शेवटी बाईंनी रागावणंच सोडलं. दिवसभर दंगा न करता बसली, की शाळा सुटताना तोंडभर कौतुक आणि मनगटावर एक सोनेरी चांदणी. महिन्याभरात तुफान असं निवळलं, की बाकीच्या बाई विचारायला येऊ लागल्या, काय जादू केलीत म्हणून.

पालकसभेला आई आली, तर चांदणी आज आईच्या मनगटावर. बाईंना हसू आलं.

"का गं, आईला कशाबद्दल दिलीस?"

आईने घाईघाईने बाही खाली ओढली, पण लेक कौतुकाने बोलून गेली.

 

"काल बाबा मारत होते ना, तरी ती अजिबात आवाज न करता बसली."