वायू कोणी पळवला?

"माझी पोरं त्या मोठ्या संस्थेनं पळवली!" येरझारा घालत मॅडम कडाडल्या. रोजच कडाडायच्या. त्यांच्या वेधशाळेत आता एकच विद्यार्थिनी उरली होती. "आणि तू? वर्षभर त्या एवढ्याशा बटू दीर्घिकेकडे बघत बसलीस. तिच्यात नवे तारे जन्मायचे का थांबले, ते तरी कळलं का?"

"कळलं, मॅडम. ज्यातून तारे बनतात तो वायूच संपलाय."

"शेजारच्या मोठ्या दीर्घिकेनं ओढून नेला असणार. मोठ्यांचे धंदेच ते!"

"नाही. तसं असतं तर मागे वायूची शेपटी दिसली असती. हिचे स्वतःचेच तारे फुटत राहिले. दर स्फोटाला वायू बाहेर फेकला गेला, आणि तो धरून ठेवायला हिची ओढ कमी पडली."

मॅडमनी फाइल टेबलावर आपटली. "अक्कल शिकवू नकोस मला! जा, तूही जा त्यांच्याकडे!"

"त्यांच्याकडे कोणीच गेलेलं नाही, मॅडम," पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली. "कोणी विमा विकतंय, कोणी नुसतं घरी बसलंय. मीही उद्यापासून मामाच्या चपलांच्या दुकानात बसणार आहे."