बुनलायला ऐकू यावं म्हणून

ओनसी थोंगबायला हाताला धरून विहारात घेऊन आली, तशी बायकांच्या चटईवर कुजबूज सुरू झाली. थोंगबाय म्हणजे गावातली अंगात घेणारी म्हातारी. कुणाचा नवरा जावो, कुणाची सासू जावो, लोक तिच्या ओसरीवर जायचे आणि गेलेलं माणूस तिच्या तोंडून बोलायचं. पण आज वेस्संतर राजाच्या, म्हणजे बुद्धाच्या आदल्या जन्माच्या, कथेचा दिवस होता, आणि विहारात कुणी कुणाला अंगात घेत नसतं.

"दारू न पिण्याचं पाचवं शील घेताना ती बाटली कुठं ठेवणार गं थोंगबाय?" खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या सेंगनं विचारलं. "मांडीखाली?"

"तुझ्या डोक्यावर ओतीन," थोंगबाय म्हणाली, आणि तिनं भाताच्या दारूची बाटली शेल्याआड सरकवली. आलेल्याला आधी घोटभर पाजावी लागते, असा तिचा रिवाज होता.

ओनसी थेट आसनापाशी गेली आणि गुडघे टेकून नमस्कार करून बसली. आसनावर इन्ता भंते होते. वेस्संतराच्या मद्दी राणीचा अध्याय गावा तर त्यांनीच, असं थायलंडातल्या मून नदीच्या दोन्ही काठांवर लोक म्हणत. यंदा तो अध्याय गाण्यासाठीचं दान ओनसीनं दिलं होतं.

"भंते, एक मागते. आज पंचशील नको, सूत्रं नकोत. एकदम गायलाच लागा."

"का गं माय?"

"थोंगबायच्या अंगात माझा बुनलाय येणार आहे. सूत्रं म्हटली की आलेला निघून जातो, म्हणते ती." ओनसीचा आवाज खाली आला. "मला त्याला काही विचारायचं नाही. बोलायला पण नाही बोलावत. नुसतं ऐकू दे त्याला. कामाला म्हणून तैवानला गेला, तिथंच गेला, तिथंच जाळला. राख तेवढी घरी आली. आपल्या भाषेतलं एक अक्षर पोराच्या कानावर पडलं नाही, भंते. आता त्याला कान कुठले? म्हणून हिचे मागून आणले."

कुजबूज थांबली. सेंगसुद्धा चटईच्या काड्या मोडत बसला.

भंतेंनी हातातला पंखा बाजूला ठेवला.

"बुनलाय भूत झालाय, असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"मग शीलाला का भिईल तो? एवढासा होता तेव्हा माझ्या वरताण आवाजात म्हणायचा. मीच दटावायचो, अरे हळू, लोकांना वाटेल भंते तूच."

ओनसीला हसू आलं आणि त्यातच तिचे डोळे भरले.

"शील दिल्याशिवाय मला गाता येत नाही, माय. आणि थोंगबायला मी उठवणारही नाही. गेलेल्याला पुण्य पाठवायचं कसं, ते मला शिकवलंय. त्याला बोलवायचं कसं, ते नाही शिकवलं. येता येत असेल तर येऊ दे. चटई मोठी आहे."

शील सुरू झालं. पाचव्याला सगळ्यांच्या माना थोंगबायकडे वळल्या. तिनं बाटली सेंगच्या हातात कोंबली. "धर. बूच हललं तर बघ." मग तिनं इतरांबरोबर पाचवं शील म्हटलं, डोळे मिटले आणि वाट बघत बसली.

भंते गाऊ लागले. मद्दी राणी कंदमुळं घेऊन रानातून परतते. रोज धावत येणारी लेकरं आज येत नाहीत. राजानं ती दान दिलीत, तिला ठाऊक नाही. ती जांभळीला विचारते, तळ्याला विचारते, राजाला विचारते. राजा बोलत नाही. 'बाळांनो' या शब्दावर भंते सूर लांबवत नेत आणि असा अधांतरी सोडत, की विहारातल्या प्रत्येक बाईला वाटावं, पुढची हाक आता आपण मारायची.

थोंगबायचे खांदे हलू लागले. ओनसी सरकत सरकत तिच्या अगदी तोंडाशी गेली.

"आलास? बुनलाय, ऐकतोयस ना रे?"

थोंगबायनं डोळे उघडले. लाल, ओले, आणि तिचे स्वतःचेच.

"नाही गं. कुणी नाही आलं. मीच रडतेय." तिनं शेल्यानं नाक पुसलं. "माझी पोर तापानं गेली, चालायला लागली होती नुकती. गावाची सगळी माणसं आली माझ्या अंगात. ती एकदासुद्धा नाही."

"मग कशाला आणलं मी तुला?" ओनसी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या रांगेनं मागं वळून पाहिलं. भंते गात राहिले, आणि दोघी अध्याय संपेपर्यंत शेजारी शेजारी बसून राहिल्या.

'साधु, साधु' असा साधुकार झाला. पुण्य पोचवायची गाथा सुरू झाली, तसे बायकांनी पाण्याचे छोटे तांबे पुढे घेतले. ज्याच्याकडे तांब्या नसतो तो ओतणाऱ्याच्या कोपराला बोट लावतो, म्हणजे त्याचंही पोचतं. थोंगबायचे हात मांडीवरच होते.

ओनसीनं ताटलीत धार धरली. "बुनलाय, ऐकलंस की नाही, मला नाही ठाऊक. पण तुझ्या नावाचं आहे हे. घे रे बाबा."

अर्ध्यावर तिनं धार थांबवली. गाथा चालू होती.

"बोट लाव की," ती मान न वळवता म्हणाली.

थोंगबायनं एक बोट तिच्या कोपराला लावलं.

"पोरीचं नाव काय होतं?"

मेलेल्यांची नावं थोंगबायला गावानं किती सांगितली होती. हे विचारलं मात्र कुणी नव्हतं.

"पिम," ती म्हणाली.

ओनसीनं तांब्या पुन्हा कलता केला. निम्मं पाणी अजून त्यात होतं.