शिडीखालचा भाऊ

धाकट्याच्या गुडघ्याचं लिगामेंट नव्यानं बसवून दोन वर्षं झाली, तरी दुखणं हटेना. दोघे भाऊ घरं रंगवायचे. आता थोरला शिडीवर, धाकटा खाली रंग ढवळत. थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. "डॉक्टर म्हणतो ऑपरेशन झकास झालंय. मग हे लंगडणं कोणाला दाखवतोस?" "दादा, शिडी चढताना काजवे चमकतात रे डोळ्यांपुढे." "कामाच्या वेळीच बरे चमकतात!" आज सोक्षमोक्ष लावायचाच, सोंग निघालं तर उद्यापासून दुसरा जोडीदार बघायचा, असं थोरल्यानं ठरवलं. वरून त्यानं मुद्दाम शिडी डुगडुगवत बोंब ठोकली, "अरे, गेलो!" हातातला डबा टाकून धाकट्यानं धावत येऊन शिडी धरली. "सापडलास! पळता येतं की तुला!" म्हणत थोरला खाली उतरला. गुडघा आवळून फरशीवर बसलेल्या धाकट्याला उठता येईना. "दादा," तो म्हणाला, "तू पडत होतास ना?"