दहा हजार सात कौलं

पनवेलला घर बांधताना गणिताच्या बेहेरेमास्तरांनी नेऱ्याच्या कुंभाराकडून नळीची कौलं मोजून घेतली, बरोबर दहा हजार सात. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच भाग जात नाही. "मुलगे दोन असोत की पुढे नातवंडं दहा, या छपराची सारखी वाटणी होणं नाही," असं ते येईल त्याला सांगत. मुलांनी वेगळं व्हायची भाषा काढली की मास्तर नुसतं वर बोट दाखवत. "आधी भागून दाखवा."

दोन्ही सुनांचं एकमेकींशी कधी पटलं नाही. त्यामुळे एके सकाळी दोघी मिळून आल्या आणि "स्वयंपाकघरात अंधार पडतो, एक कौल काढून तिथे काच बसवा," म्हणाल्या, तेव्हा मास्तरांना भरून आलं. त्यांनी लगेच माणूस वर चढवला.

काच बसली. चुलीपाशी लख्ख उजेड पडला.



उतरवलेलं कौल धाकटीने पदराने पुसून मास्तरांच्या हातात दिलं. "आता दोनाने भाग जातो, मामंजी."