भेटीची तालीम

"तुम्ही गवंड्याच्या खुर्चीत बसा," मॅडम हवालदाराला म्हणाल्या. "आणि ह्या बसतील आईच्या खुर्चीत."

हवालदार बसला. समोर साठीकडे झुकलेली एक बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती. मॅडमच्या ऑफिसात नवी आलेली दिसत होती.

मॅडम म्हणजे तुरुंगाच्या मानसतज्ज्ञ. गवंडी तिथला कैदी. त्याच्या शिक्षेचा कोर्ट फेरविचार करणार होतं आणि त्यासाठी त्यांचा अहवाल मागवला होता. दुसरा कोणी असता तर गवंड्याला तासभर प्रश्न विचारून, चार पानं खरडून मोकळा झाला असता. मॅडमनी त्याची बहीण गाठली, शाळेतले मास्तर गाठले, तुरुंगाच्या स्वयंपाक्यालाही सोडलं नाही. माणूस अर्धाच बघून त्याच्यावर लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. स्टाफ हसायचा. गुन्हा एकाचा आणि चौकशी अख्ख्या गोतावळ्याची.

आता गवंडी आणि त्याच्या कोठडीत मेलेल्या टेलरची आई यांची समोरासमोर भेट घडवायची होती. अशा भेटीची मॅडम आधी तालीम घ्यायच्या. कुठला शब्द टोचतो, कुठे थांबून पाणी द्यावं लागेल, हे त्यात कळतं म्हणे. एरवी खुर्च्यांत स्टाफच बसायचा.

प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं. एका दुपारी कोठडीत दोघांचं भांडण झालं. गवंड्याने ढकललं, टेलरचं डोकं भिंतीवर आपटलं. तो लगेच गेला नाही, तासभर जिवंत होता. मी मदतीसाठी दार बडवत होतो, असं गवंडी पहिल्यापासून सांगत होता. पहाऱ्यावर हाच हवालदार होता. त्याच्या जबाबात होतं, दार वाजल्याचा आवाज आला नाही. कोर्टाने जबाब मानला. भांडणात धक्का देणाऱ्याची शिक्षा वेगळी आणि माणूस मरेपर्यंत बघत बसणाऱ्याची वेगळी. गवंड्याला जन्मठेप झाली.

तेव्हापासून हवालदाराचं मन त्याला खात होतं. बराक बदलून घेतली, तरी गवंडी कुठे दिसला की तो वाट बदलायचा. आज मॅडमनी बोलावलं तेव्हा त्याला घाम फुटला होता. चोराच्या मनात चांदणं. नुसती तालीम आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला.

मॅडमनी दिलेला कागद त्याने वाचायला घेतला.

"मी तुमच्या मुलाला ढकललं. मारायचं मनात नव्हतं. मला माफ करा."

"भांडण कशावरून झालं?" बाईने विचारलं.

"चादरीवरून."

"एका चादरीवरून."

"हो."

बाईचा आवाज सपाट होता. हिला काही जमत नाही, हवालदाराला वाटलं. आई असती तर एव्हाना ऊर बडवून घेतला असता. टेलरची आई खटल्याला एकदाही आली नव्हती, अंथरुणाला खिळली होती असं त्याच्या कानावर होतं. आता बरी झाली असेल.

"पडल्यावर तो काही बोलला?"

हे कागदावर नव्हतं. त्याने मॅडमकडे पाहिलं.

"सुचेल ते बोला," मॅडम म्हणाल्या. "गवंड्याच्या हातातही कागद नसणार आहे."

"बोलला नाही. कण्हत होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दार वाजवलं."

"किती वेळ?"

"पाऊण तास तरी. आधी हाताने, मग थाळीने."

"आणि कोणी आलं नाही?"

इथे त्याने थांबायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या खुर्चीतून बोलणं फार सोपं जात होतं. दोन वर्षं घशात अडकलेलं आपोआप वर येत होतं.

"नाही. पहाऱ्यावरच्याने नुकताच डबा उघडला होता."

"त्याला ऐकू गेलं नसेल."

"गेलं. सगळं ऐकू गेलं. वाटलं, यांची रोजचीच नाटकं, चार घास खाऊन जाऊ. मग वाटलं, आता उशिरा गेलो तर विचारतील, इतका वेळ कुठे होतास. हात धुऊन गेलो तेव्हा वाजणं थांबलं होतं."

बाईने पिशवी खाली ठेवली.

"मग आवाज आला नाही असं का लिहिलंत?"

"नोकरी गेली असती, ताई. घरात दोन मुली आहेत. म्हातारे वडील आहेत."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मॅडम काही लिहीत नव्हत्या, नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली, आणि कसंबसं हसला.

"म्हणजे, मी आपलं त्या पहारेकऱ्याच्या मनात काय आलं असेल ते बोललो. तालीमच आहे ना."

दोघींपैकी कोणी हसलं नाही.

"पण तुम्ही छान वठवलंत हो ताई, घाम फोडलात मला. इथलं बोलणं इथेच राहू द्या म्हणजे झालं." तो मॅडमकडे वळला. "बरं, टेलरच्या आई कधी यायच्यात?"

"मी सकाळीच आले," बाई म्हणाली.