उचललेला भंडारा

भाग्यश्रीनं प्रश्न विचारायच्या आधीच बनाबाईनं उत्तर देऊन टाकलं. “शून्य लिवा. बिरोबाचा भंडारा उचलून आण घेतलीय माझ्या इंद्रजितनं. दारूच्या थेंबाला शिवत न्हाई आता.”

सून सोनम शेजारीच बसली होती. उन्हाळ्यापासून ती इथं माहेरी होती, आणि डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं तेही उन्हाळ्यापासूनच. तिला न्यायला सासू बनाबाई आली होती. इंद्रजित बाहेर जीपमध्ये बसला होता, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, अगदी शहाण्यासारखा.

भाग्यश्री दारूच्या पाहणीसाठी सांगलीहून यायची. दरवर्षी त्याच बायकांना, असतील तिथं, गाठायचं, नवऱ्याचं पिणं वाढलं की घटलं विचारायचं, आलेखावर त्याची रेघ काढायची, एवढंच तिचं काम. उपदेश करायचा नाही, मध्ये पडायचं नाही, अशी वरिष्ठांची सक्त ताकीद.

“ताई,” सोनमनं उजवा कान पुढं केला, “तुमी लय घरं फिरता. देवाची आण घेतलेली माणसं ऱ्हात्यात का तशीच?”

ती रेघ भाग्यश्रीला पाठ होती. आण घेतली की धाडकन खाली, आणि जत्रा सरली की पुन्हा वर, आधीपेक्षा जरा वरच. सगळ्यांची नाही, पुष्कळांची.

“त्यावरून एका माणसाचं सांगता येत नाही,” ती म्हणाली. हे खरंच होतं, तरी बोलताना तिला स्वतःची लाज वाटली.

“मला एकच हाय की, ताई.”

सोनम पिशवी भरायला आत गेली. भाग्यश्रीला राहवेना. “मावशी, खरंच सोडलीय त्यानं?”

बनाबाई उंबऱ्याकडं बघत राहिली. “ह्याच्या बानं बी उचलला हुता भंडारा. दर जत्रंला उचलायचा.”

“मग हिला कशाला नेताय?”

“मी न्हाई का नांदले?” बनाबाईनं पदराखालून हळदीच्या भंडाऱ्याची पुरचुंडी काढली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

सोनम आली तशी सासूनं तिच्या दोन्ही मुठी भंडाऱ्यानं भरल्या आणि पिशवी स्वतः उचलली. “बिरोबाचा हाय. त्यानं उचलला त्यातलाच. घरात पाऊल टाकीस्तोवर सांडू नगं.”

जीपपाशी सोनम थांबली. “पुढल्या वर्षी मी घावले न्हाई, तर काय लिवता?”

“गळालेली,” भाग्यश्री बोलून गेली. कामातला रोजचा शब्द, पाहणीत पुन्हा न सापडलेल्या बाईसाठीचा. गेली ती ताकीद खड्ड्यात! तिनं पर्समधून पेन काढलं. “माझा नंबर घे. फोन कुठाय तुझा?”

“फोडला त्यांनी.”

“कागदावर देते.”

“कागद घावला तर मारत्याल.”

भाग्यश्रीनं तिचा हात धरला, बोटं उलगडली, भंडारा सांडला, आणि ती तळव्यावर लिहायला लागली. हाताला चिकटलेल्या भंडाऱ्यावरून पेन नुसतं घसरत होतं. एक आकडा उमटेल तर शप्पथ. पुढून इंद्रजितनं हॉर्न दिला.

सोनमनं हात मागं घेतला नाही.

“दाबून लिवा, ताई,” ती म्हणाली. “दुखू द्या.”