इतर देणगीदारांची नावं
विडी वळणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर चालवणारी सिद्धेश्वरी सोलापुरातल्या एका फाउंडेशनच्या अनुदानासाठी अर्ज भरत होती. ‘इतर देणगीदारांची नावं’ या रकान्यात तिनं ‘कुणीही नाही’ लिहिलं आणि स्वयंपाकाच्या बसम्मामावशींना वाचून दाखवलं. धपाटी थापणारा मावशींचा हात थांबला. “मग हे पीठ कुटनं येतंय, ताई?” “गिरणीवाले उरलंसुरलं पाठवतात ना? त्याला काय देणगी म्हणायचं?” “कुटले गिरणीवाले! तुमी यायच्या अगोदर पोर सोडायला आलेली परतेक आई घरनं मूठभर पीठ आणून डब्यात टाकती की. चार वर्सं झाली.” सिद्धेश्वरीनं डब्याचं झाकण उघडलं. आजच्या मुठी अजून मिसळल्या नव्हत्या. ज्वारीची पांढरी, गव्हाची तांबूस, बाजरीची करडी. रोज मिसळीच्या पिठाची धपाटीच का, हे तिला आत्ता उमगलं. गाभाऱ्यात वाकावं तशी ती तिथंच वाकून राहिली. मग तिनं ‘कुणीही नाही’ खोडलं. नावांसाठी तीनच ओळी होत्या.